व्हिटबीचे बंदर

समुद्रकिनारी सहकुटुंब सहलीस जावयाचे म्हटले की ऊन, वाळू आणि शहाळी यांची तजवीज मनात आधीच होऊन गेलेली असते. परंतु इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यातील व्हिटबी या बंदरी ज्याला एप्रिलमध्ये जाण्याचा योग येतो, त्याने ती सारी तजवीज रद्दबातल समजून लोकरीचे पायमोजे बरोबर घ्यावेत, हेच इष्ट. आपल्याकडे चैत्र-वैशाखाचा वणवा पेटलेला असतो त्याच दिवसांत तेथे उबदार, दमट हवा उत्तर समुद्राच्या थंडगार पाण्यावरून वाहू लागली की तिचे दाट धुके होते, आणि पूर्वेचा वारा ते किनाऱ्यावर आणून सोडतो. कोस-दोन कोस आत मात्र लख्ख ऊन पडलेले असते. पिकरिंगहून माळरानावरून जाणाऱ्या आगगाडीत आमच्या मुलांनी कोट घालण्यास साफ नकार दिला होता. व्हिटबीच्या फलाटावर पाय ठेवताच तो ठराव त्यांनी एकमताने फिरविला.

एस्क नदी दोन उंच कड्यांच्या मधून समुद्रास मिळते, आणि मुखाशी दोन दगडी धक्के लांबवर पाण्यात गेलेले आहेत. पूर्वेच्या कड्यावर सातव्या शतकात स्थापन झालेल्या मठाचे भग्नावशेष असून तेथवर १९९ पायऱ्यांची वाट जाते. मुले धावत वर गेली. मातोश्रींनी पायऱ्यांचा आकडा ऐकून खालूनच हात जोडले. त्यांचे माहेर हर्णै बंदरातले, त्यामुळे पडक्या कमानींपेक्षा धक्क्यावर रचून ठेवलेल्या पिंजऱ्यांकडे त्यांचे लक्ष अधिक. एका पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून, तिचे तोंड आतल्या बाजूस निमुळते होत गेले आहे हे त्यांनी चाचपून पाहिले, आणि "शेवंडांचे दिसतात हे," असा निर्वाळा दिला. तो अर्थातच बिनचूक होता.

माझे स्वतःचे मत असे की, बंदर पाहावयाचे ते थंडीतच पाहावे, कारण ऊन पडले की त्याची चौपाटी होते आणि त्याचा मूळ पेशा माणसाच्या नजरेआड जातो. कोळसा वाहण्यासाठी येथे जी सपाट बुडाची, बळकट जहाजे बांधली जात, ती ओहोटीस रेतीवर बसली तरी कलंडत नसत. १७४६ साली येथल्या एका जहाजमालकाकडे उमेदवारीस राहिलेल्या जेम्स कुकने पुढे पृथ्वीप्रदक्षिणेसाठी याच घडणीची जहाजे पसंत केली, त्याचे कारणही हेच. त्याची 'एन्डेव्हर' मूळची अशीच एक कोळसावाहू नौका होती.

तथापि धक्क्याच्या टोकाशी, चेहऱ्यावर तुषार झेलीत उभे राहिल्यावर मला आठवण झाली ती दुसऱ्याच एका जहाजाची. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी एकेकाळी मुंबईकरांच्या परिचयाच्या; त्याच कंपनीची 'रोहिला' नावाची आगबोट पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून सरकारने ताब्यात घेतली होती. (हे नाव कानी पडताच ज्याला पानिपत आणि नजीबखान आठवत नाही असा मराठी माणूस विरळा, त्या नावाची गाठ यॉर्कशायरच्या खडकावर पडावी, याचा मला अचंबा वाटला.) जखमी सैनिक आणण्यासाठी डंकर्ककडे निघालेली ही बोट ३० ऑक्टोबर १९१४ रोजी पहाटे, युद्धामुळे किनाऱ्यावरील दिवे मालविलेले असताना, बंदराच्या दक्षिणेस सॉल्टविकच्या खडकावर आदळली. बोटीवर २२९ माणसे होती आणि किनारा जेमतेम पाच-सहाशे यार्डांवर. कड्यावर जमलेल्या गावकऱ्यांना सारे डोळ्यांनी दिसत होते, परंतु लाटांपुढे इलाज चालेना. जीवरक्षक नाव बंदरातून बाहेर काढणे अशक्य, म्हणून लोकांनी ती कड्याच्या पायथ्याच्या खडकांवरून ओढीत नेली. तिने दोन खेपांत ३५ जणांना उतरवून घेतले, आणि मग तीही फुटून निकामी झाली. काहींनी पोहत जाण्याचे साहस केले. त्यांतले कित्येक वाटेतच गेले. अखेर टाइनमथहून रात्रभर अंधारातून आलेल्या 'हेन्री व्हर्नन' या यांत्रिक नावेने तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर तेल ओतून लाटा शमविल्या आणि उरलेल्या ५० जणांना सोडविले. सुमारे ८५ जीव दगावले.

ही हकीकत मुलांनी निमूटपणे ऐकली, आणि लगेच भूक लागल्याचे सांगितले. जुन्या गावच्या हेन्रिएटा रस्त्यावर १८७२ पासून चालत आलेले, मासे धुरावण्याचे एक घर आहे. तेथे हेरिंग पाठीकडून चिरून, मिठाच्या पाण्यात भिजवून, ओकसारख्या लाकडांच्या ढलप्यांच्या धुरावर टांगतात, आणि छताच्या वाशांवर काजळीचा डांबरासारखा थर साचलेला असतो. "अरे, आपल्याकडे ऊन आहे म्हणून आपण वाळवतो, यांना ऊन नाही, म्हणून हे धूर देतात, इतकंच," मातोश्री म्हणाल्या. दुकानदाराने दोन जोड्यांचा भाव सांगितला. तो निम्म्याने पाडून मागावा असा त्यांचा आग्रह होता, परंतु ते म्हणणे इंग्रजीत पुढे मांडण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणासही झाले नाही, सबब मागितलेली किंमत मुकाट्याने मोजून आम्ही स्थानकाची वाट धरली.