पुठ्ठ्यावरचा गंज

(१९९७ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय सुचवला होता. त्यावर तुमची मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी बोलणार आहे या व्यासपीठाच्या सजावटीवर. गेले चार रविवार आम्ही सातजण त्यातच होतो, आणि आज सकाळपासून कुणी ना कुणी येऊन त्या कमानीला टिचकी मारून बघतंय.

टिचकी मारली की पितळेचा आवाज येत नाही. कमानीवरच्या घंटा प्लॅस्टिकच्या आहेत, दिवाळीच्या बाजारात डझनावर मिळतात त्या. वेलीची पानं मिठाईच्या खोक्यांची. आणि उजवीकडे तारेने टांगलेला तो गंजका रूळ, तोही पुठ्ठ्याचाच.

रूळ का, हे आपल्या वर्गाला सांगायला नको. आपल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. नवी इमारत झाली, विजेची घंटा आली आणि तो तुकडा भंगारात गेला. जालन्यात भंगाराचं पुढे काय होतं तेही आपण जाणतो. औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीत ते वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात. म्हणजे आपली घंटा आज कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असेल. शेवट काही वाईट नाही. पण आजच्या दिवशी ती इथे हवी असं सगळ्यांना वाटत होतं, म्हणून ती करायला घेतली.

आधी कृती सांगते, कारण त्यासाठी चिठ्ठ्या आल्या आहेत.

प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. म्हणून घंटा आधी बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पुसल्या आणि प्रायमर दिला. पुठ्ठ्याला पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले, म्हणजे तो रंग पिऊन टाकत नाही. मग सगळ्याला काळपट तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग. इथे घरचे लोक विचारतात, "सोनेरी करायचंय ना, मग काळं का करताय?" जुन्या पितळेचा खरा रंग तळाला काळाच असतो. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग जाड केसांचा ब्रश सोनेरी रंगात बुडवायचा आणि फडक्यावर इतका पुसायचा की त्यात रंग उरला नाही असं वाटावं. तो कोरडा ब्रश नक्षीवरून हलक्या हाताने ओढायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्या राहतात. शेवटी हिरवट निळ्या रंगात भरपूर पाणी घालून तो खाचांमध्ये सोडायचा आणि वरचा लगेच टिपून घ्यायचा.

हा हिरवा रंग आपल्या आज्यांना शोभेचा वाटला नसता. दमट हवेत तांब्यावर आणि पितळेवर तो थर चढतो. अशा भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. भाता, कथील, नवसागराचा पांढरा धूर आणि भांड्याच्या आत फिरणारा कापसाचा बोळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. आज्यांनी चिंच-मीठ लावून जो डाग घासून काढला, तो आम्ही ब्रशने मुद्दाम काढत बसलो होतो.

लोखंडाच्या गंजासाठी मात्र आम्ही महागडा रंग आणला नाही. किराणा दुकानातला गेरू आणला, कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतात तोच. गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो, आणि गंज म्हणजेही पाणी धरलेला लोखंडाचा ऑक्साइडच. फेविकॉलच्या पाण्यात गेरू आणि चाळलेली बारीक रेती कालवली आणि स्पंजने थापली. म्हणजे त्या रुळावर लोखंड नाही, पण गंज जवळजवळ खरा आहे.

खरी अडचण पुढे आली. गंज कुठे लावायचा आणि कुठे नाही?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे प्रत्येक यंत्रणा आपण काय केलं याची नोंद लिहून ठेवते, आणि काही बिघडलं की आम्ही आधी ती नोंद वाचतो. जुन्या धातूचा पृष्ठभागही तसाच असतो. कडा उजळ असतात कारण तिथे हात लागतो, खाचा काळ्या कारण तिथे फडकं पोचत नाही. सगळीकडे सारखा डाग दिला की डोळ्याला लगेच कळतं, हे खोटं आहे. त्यामुळे घंटा रंगवायची तर ती कशी वापरली जायची हे नेमकं आठवायला हवं होतं. आणि आम्हा सातजणांना सात वेगवेगळे रूळ आठवत होते.

एकाला तो पूर्ण तांबडा आठवत होता. एकीला मधला भाग चकाकताना आठवत होता. वर्गाच्या ग्रुपवर विचारलं तर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. मग आपल्यातल्या एकाने लिहिलं, जो रोज उशिरा यायचा आणि त्यामुळे घंटेशेजारी उभं राहण्याची शिक्षा भोगायचा. त्याने लिहिलं: ठोका नेहमी खालच्या टोकापासून वीतभर वर पडायचा, तिथे खळगा होता आणि तो चकचकीत होता. आणि शेवटचा ठोका दिल्यावर घंटेवाले मामा डाव्या हाताने रूळ धरायचे, नाद थांबवायला. तिथे कधी गंज चढला नाही. तो भाग काळा, गुळगुळीत होता, एका पंजाएवढा.

ग्रुपवर थोडा वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकेकजण लिहू लागला: हो, धरायचे. हो, मलाही आठवलं.

मामा आता नाहीत. आपल्या जुन्या फोटोंत शिक्षक आहेत, पाहुणे आहेत, बक्षिसं घेणारी आपण मुलं आहोत. मी सगळे गोळा केलेले फोटो पाहिले, मामा एकाही फोटोत नाहीत. त्यांची नोंद होती ती त्या लोखंडावर, आणि ते वितळून गेलं. भाषण संपल्यावर रुळाजवळ जा. काळ्या रंगावर मेण घासून केलेली ती पंजाएवढी जागा डाव्या बाजूला दिसेल. ती करायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बेगडी आहे. शब्द अगदी बरोबर आहे. पण बेगड आपल्याकडे कुठे लागते ते आठवा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवतात. शिंग सोन्याचं झालं असं कुणालाच वाटत नाही, बैलालाही नाही. दसऱ्याला आपट्याचं पान 'सोनं घ्या' म्हणून देतो, तेव्हा घेणाऱ्याला ते पान आहे हे माहीत असतं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा पितळ सोनं म्हणून विकलं जातं, आणि मग पितळ उघडं पडतं. आमचा पुठ्ठा विकायला नाही. रुळाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: पुठ्ठा, फेविकॉल, गेरू, रेती. दहावी १९९७.

नव्या वस्तूला मुद्दाम काळं करणंही आपल्या मुलखाला नवं नाही. बीदर आणि जालना एकेकाळी एकाच हैदराबाद संस्थानात होते. तिथली बिदरी पाहा. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, नक्षी कोरून तीत चांदी बसवतात, आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर वापरून ती वस्तू काळी करतात. धातू काळा होतो, चांदी तशीच राहते आणि उठून दिसते. ती काळिमाच त्या कलेची शोभा आहे.

शेवटचं सांगते. १ मे १९८१ ला आपला जिल्हा झाला, म्हणजे तो आणि आपण साधारण एकाच वयाचे. आपल्या डोळ्यांदेखत घराघरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. वजनावर दिली आणि स्टील आणलं. ज्यांनी दिली त्यांना रोज घासण्याचा त्रास वाचला, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आता आपल्यातलेच काही जण ऑनलाइन 'अँटिक लुक'ची घंगाळं मागवतात. हौस आहे, करावी. माझी एकच विनंती आहे.

माळ्यावर अजून एखादा पितळी डबा, हंडा, कळशी असेल. दिवाळीच्या आवराआवरीत ती मोडीत घालण्याआधी उलटी करा, काठाखाली बघा. ठोक्या-ठोक्यांनी नाव कोरलेलं असतं: कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कधी. ते नाव वाचा. घरातलं सर्वांत मोठं माणूस गाठा आणि विचारा, ही कोण? मग उजेडात धरून त्याचा फोटो घ्या: नाव, पोचे, झिजलेला कान, सगळं. त्यानंतर भांडं ठेवा किंवा द्या, तुमची मर्जी.

हे विचारायला उशीर करू नका. पुठ्ठा केव्हाही मिळतो. हात कुठे लागायचा हे सांगणारं माणूस मिळेलच असं नाही.

आता जेवून घ्या, गरम आहे तोवर. पण त्याआधी मामांच्या घंटेला टिचकी न मारता एकदा हात लावून या.