दया नको, शाळा हवी
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आज वस्तीतल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, आनंद वाटला. पण ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्या लेकरांबद्दल आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत.

आपण सहज म्हणतो, "तो मुका आहे." अहो, त्याचा घसा बहुधा ठणठणीत असतो! शब्द कानावर पडलेच नाहीत, तर तो बोलायला शिकणार कसा? पहिली काही वर्षे भाषा रुजण्याची. "त्याचा मामाही उशिराच बोलला" म्हणत ती घालवू नका. ताट पडले तरी बाळ दचकत नसेल, तर लगेच कान तपासून घ्या. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ही तपासणी होते, बाळाला दुखत नाही. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते आहे. श्रवणयंत्र लागले तर लावा. खुणांची भाषा लागली तर आजीसकट घरातल्या सर्वांनी शिका. तीही भाषाच आहे, त्यात कमीपणा कसला?

न दिसणाऱ्या मुलांसाठी सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी आहे. ती तयार करणारे लुई ब्रेल स्वतः अंध होते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली, म्हणून आज मराठीही बोटांनी वाचता येते. १९०० साली सुरू झालेली दादरची कमला मेहता अंध शाळा मुलींना शिकवते. मग आपली मुलगी घरात का बसावी?

बाबासाहेबांनी घडविलेल्या राज्यघटनेच्या ४१व्या कलमात शिक्षण आणि साहाय्याच्या संदर्भात विकलांगतेचाही उल्लेख आहे. २०१६ च्या कायद्याने तर ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत किमान ४ टक्के. त्यात दृष्टीसाठी १ आणि श्रवणासाठी १ टक्का. पण प्रमाणपत्र नसेल तर यातले काहीच पदरात पडत नाही. पाहुणे आले की पोराला आतल्या खोलीत बसवणारे घर प्रमाणपत्र काढायला जाणार कधी?

म्हणून आमची विनंती आहे. शेजारी असे लेकरू असेल तर त्याच्या आईवडिलांशी बोला. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांच्यासोबत उभे राहा, फॉर्म भरून द्या. पुढच्या सत्काराच्या यादीत त्याचेही नाव यावे, एवढे आपण मिळून करू या.

जयभीम!