स्वारगेटचा ग्राफ काढायचा, तर लेआउट कोणता?

आज चित्रांबद्दल बोलायचंय, तेही ऑडिओवर. त्यामुळे एक जागा डोळ्यांसमोर आणा: स्वारगेट. एसटी स्टँड, पीएमपीचे थांबे आणि जमिनीखाली मेट्रो. प्रत्येक थांबा म्हणजे एक ठिपका, म्हणजेच नोड. दोन थांबे थेट जोडलेले असतील तर मध्ये एक रेघ. झाला ग्राफ! पण ठिपके ठेवायचे कुठे? ते लेआउट अल्गोरिदम ठरवतो.

बरेच जण सरळ फोर्स-डिरेक्टेड निवडतात. त्यात ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा स्प्रिंगसारख्या ओढतात आणि हळूहळू सगळं स्थिरावतं. फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांची १९९१ची पद्धत याच जातकुळीतली. स्वारगेटसारखा भरपूर जोडण्यांचा थांबा यात पटकन उठून दिसतो. पण साध्या पद्धतीत हजार ठिपके असले, की प्रत्येक फेरीत जवळजवळ पाच लाख जोड्या मोजाव्या लागतात. मग बार्न्स-हटची युक्ती वापरायची: लांबच्या ठिपक्यांचा गठ्ठा एकच ठिपका धरायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या चित्रातलं अंतर म्हणजे मीटर नाहीत. सुरुवात रँडम असेल तर कात्रज एकदा खाली येईल, एकदा वर. आता एसटीतून उतरलेल्या, हातात दोन पिशव्या असलेल्या आजी विचार करा. ठिपके चिकटलेले बघून त्या म्हणणार, ‘हे काय, इथंच तर आहे!’ आणि चालत सुटणार. चालायचं अंतर दाखवायचं असेल, तर ठिपके खऱ्या नकाशावरच ठेवा.

मेट्रोच्या डब्यात मात्र प्रश्न वेगळा असतो. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. स्वारगेटहून निघालं की मंडई, कसबा पेठ, मग जिल्हा न्यायालय. तिथं गाडी बदलायची. आत बसलेल्याला क्रम आणि बदलायचं स्टेशन कळलं की पुरे. हॅरी बेकचा लंडनचा नकाशा १९३३मध्ये छापला गेला, तो हेच करतो: आडव्या, उभ्या आणि तिरक्या सरळ रेघा.

आणि ‘कशाच्या आधी काय’ असं दाखवायचं असेल, तर सुगियामाची १९८१ची थरांची पद्धत बघा.

म्हणून लायब्ररी इन्स्टॉल करण्याआधी एकच विचारा: हे चित्र बघून माणूस काय ठरवणार आहे?

या आठवड्यात रोजच्या प्रवासातले पाच थांबे घ्या, दोन पद्धतींनी काढा आणि घरच्यांना दाखवा. कुणाला कुठे अडलं, तेही लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!