अर्ध्यावर थांबलेले छत
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा संपादित भाग)



टांग्याचा टप हाताने मागे सारलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मोटारगाडीच्या मिटणाऱ्या छताचे फारसे नवल वाटणार नाही. टप कापडाचा किंवा कातड्याचा असेपर्यंत दुरुस्तीही समजण्याजोगी होती : सांधे, पट्ट्या आणि शिवण. छत पत्र्याचे झाले आणि प्रश्न पालटला. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकात जॉर्ज पोलँ यांनी योजलेले असे छत प्यूजोच्या गाड्यांवर आले. पोलँ मूळचे दंतवैद्यकाच्या क्षेत्रातले. सांधा नेमका बसला पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र अमेरिकेतील फोर्ड कंपनीची स्कायलायनर अधिक बोलकी आहे. १९५७ ते १९५९ या तीनच वर्षांत तिच्या ४८,३९४ गाड्या निघाल्या. छत मिटवायचे तर प्रथम डिकीचे झाकण सुटते व मागच्या बाजूस उघडते, आतली फळी वर येते, छताची कुलुपे सुटतात, छत उचलले जाऊन मागे जाते, त्याची पुढची कड दुमडते आणि झाकण पुन्हा मिटते. या साऱ्यासाठी संगणक नाही. आहेत त्या मोटर, रिले, लिमिट स्विच आणि सुमारे ६०० फूट वायर. एक काम पुरे झाल्याची साक्ष स्विचने दिल्याखेरीज पुढच्या कामाला वीज मिळत नाही.

म्हणूनच छत अर्ध्यावर थांबले, की जाणता कारागीर मोटर उतरवीत नाही. तो आधी बॅटरी तपासतो, कारण वीज कमी पडली तर निर्दोष यंत्रही अडखळते. मग कोणते काम झाले आणि कोणते झाले नाही, एवढेच पाहतो. दोष बहुधा त्या दोहोंच्या सीमेवर सापडतो : गंजलेले टोक, तुटकी वायर किंवा जागेवरून किंचित सरकलेला स्विच. टेस्ट लॅम्प लावला, की वीज कुठवर पोहोचते ते कळते. त्याआधी छताला भक्कम आधार द्यायचा; त्याच्या सांध्यांत बोटे सापडली, तर यंत्र दयामाया जाणत नाही.

उतावळा माणूस स्विचला बगल देऊन थेट वायर जोडतो. यंत्र चालते, हीच त्यातली फसगत. झाकण पुरते उघडलेले नसते, आणि खोटी साक्ष मिळालेले छत त्याच्यावर येऊन आदळते. रंग उडतो, पत्रा वाकतो, आणि दहा मिनिटांचे काम महिन्यांवर जाते.

नीट झालेल्या कामात मात्र दाखवण्यासारखे काहीच नसते. स्विचचा बोल्ट सैल करून तो केसभर सरकवलेला असतो, पुन्हा आवळलेला असतो, आणि छत चार-पाच वेळा मिटवून-उघडून प्रत्येक टप्प्याचा आवाज ऐकलेला असतो. बिल पाहून मालक विचारतो, “एवढ्यासाठी दोन दिवस?”