चार अक्षरांची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा या तालुक्याच्या गावी माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. सातबाराचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, मुलांचे प्रकल्प, लग्नपत्रिकांचा मजकूर अशी कामे दिवसभर चालतात. दुकानामुळे संगणक आला, संगणकामुळे मराठी टंकलेखन आले आणि २००९ साली मी स्वतःचा ब्लॉग सुरू केला. ब्लॉग म्हणजे आपली जाहीर रोजनिशी. तिला ना संपादक, ना छपाईचा खर्च. मिरगाचा पाऊस कसा झाला, माकणीच्या धरणात पाणी किती आले, तुरीला काय भाव फुटला, असे मी लिहीत असे. पोटासाठी पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेली आमच्या भागातली माणसे ते वाचत आणि बरे वाटले म्हणून कळवत.

सर्वांत जास्त वाचला गेला तो सास्तूरवरचा लेख. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर जमीनदोस्त झाले, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. वडिलांबरोबर गेलो, जे पाहिले ते पुढे कधीतरी तसेच लिहून काढले. त्या लेखानंतर मला 'खरे लिहिणारा माणूस' अशी ओळख मिळाली. आज मी बोलणार आहे ते या ओळखीचे मी पुढे काय केले त्याबद्दल.

लिहून पैसे मिळतात का, हा प्रश्न प्रत्येक लिहिणाऱ्याला घरातून विचारला जातोच. इंग्रजीत ब्लॉग लिहिणाऱ्यांना गूगलच्या जाहिरातींतून थोडेफार मिळत असे. आपल्या भाषांचे तसे नव्हते. गूगलने त्या योजनेत हिंदीला जागा दिली ती २०१४ च्या डिसेंबरात. मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याकडे वाचक होते, पण उत्पन्न नव्हते. अशा वेळी दुसरी वाट समोर येते. तिचे नाव प्रायोजित लेख.

ही वाट आपण काढलेली नाही. अमेरिकेत २००६ साली 'पे-पर-पोस्ट' नावाची कंपनी निघाली. लेखामागे ठराविक पैसे घेऊन ब्लॉगवाल्यांनी मालाबद्दल लिहायचे, असा तो व्यवहार होता. पैसे घेतल्याचे वाचकाला सांगायचे की नाही, यावरून तिथे लगेच गदारोळ झाला. २००९ साली तिथल्या व्यापार आयोगाने ते सांगितलेच पाहिजे असे स्पष्ट केले. आपल्याकडे मात्र हा व्यवहार बराच काळ ईमेलवरच्या दोन-चार ओळींत चालत राहिला.

२०१८ च्या जून महिन्यात मला तशी एक ईमेल आली. पाठवणारा मधला दलाल होता. सोयाबीनची फुलगळ थांबवणाऱ्या एका टॉनिकवर लेख हवा होता. अटी तीन. लेख स्वतःच्या अनुभवाच्या स्वरूपात हवा. लेखात मालाच्या पानाकडे नेणारा दुवा हवा. आणि लेखावर 'जाहिरात' असे कुठेही लिहायचे नाही. मी भीत भीत विचारले, लिहिले तर? उत्तर आले, लिहिले तर पंधराशे, न लिहिले तर तीन हजार.

त्या दुव्याचे गणित थोडे समजावून सांगतो, कारण ते वाचकाला दिसत नाही. गूगलसारखे शोधयंत्र कोणते पान वर दाखवायचे हे ठरवताना इतर किती पानांनी त्याच्याकडे बोट दाखवले आहे, हेही पाहते. एकाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे एक शिफारस. आता ही शिफारस विकत घेता येऊ लागली तर शोधयंत्र फसणार. म्हणून २००५ साली दुव्याला खूण लावण्याची सोय झाली. 'याला शिफारस समजू नका' एवढाच त्या खुणेचा अर्थ. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी वेगळी खूण आली. दलालाला ही खूणही नको असते. म्हणजे तो एकाच पैशात दोन गोष्टी विकत घेतो, वाचकाचा विश्वास आणि यंत्राचा विश्वास.

मी तीन हजारांची वाट धरली. दुकानाचे भाडे थकले होते, मुलीची शाळा सुरू झाली होती. ही कारणे खरी आहेत, पण मी त्यांच्या आड लपत नाही. लेख लिहायला मला पाऊण तास लागला. 'गेल्या हंगामात मी दोन एकरांवर हे टॉनिक फवारले, आठ दिवसांत फुलगळ थांबली,' असे पहिलेच वाक्य होते. श्रोतेहो, माझ्या नावावर सोयाबीनचे एक रोपसुद्धा नव्हते.

मला वाटले होते, लेख वाचणार ती पुण्या-मुंबईची माणसे. त्यांना कुठे फवारायचे आहे? पण २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले होते आणि फोन बांधापर्यंत पोहोचला होता. माझ्या ते ध्यानात आले नव्हते.

ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला. एके दिवशी आमच्या गल्लीतले एक काका आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. पिशवीत त्या टॉनिकची रिकामी बाटली होती. ती काउंटरवर ठेवून त्यांनी विचारले, "सर, तुमी हे कवा मारलं होतं? सकाळच्या पारी का दिवस कलल्यावर?"

मी गप्प राहिलो.

"पंपाला पाणी किती घातलं होतं? माझी फुलं तर गळलालीत. पोरानं तुमचं लिव्हलेलं वाचून दाखिवलं, म्हणून आणलं. माझंच कायतरी चुकलं असंल."

ते भांडायला आले असते तर मला सोपे गेले असते. पण औषध खोटे असेल असे त्यांच्या मनातही नव्हते. माझे शब्द खरे धरून ते स्वतःची चूक शोधत होते. सोयाबीनची बरीच फुले निसर्गतःच गळतात आणि ऐन फुलोऱ्यात जमिनीतली ओल गेली तर आणखी गळतात. पाण्याची जागा बाटली घेऊ शकत नाही. हे मला ठाऊक होते. पावसावर इतकी वर्षे लिहीत होतो. त्या साली मराठवाड्यात पावसाने अशी पाठ फिरवली की ऑक्टोबरअखेर सरकारला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

मी काकांना खरे सांगितले. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "म्हंजी तुमी मारलंच नव्हतं?" एवढेच म्हणाले. झेरॉक्सचे दोन रुपये काउंटरवर ठेवले आणि गेले. बाटलीचे पैसे मी नंतर घरी नेऊन दिले, ते त्यांनी घेतले नाहीत.

अशा टॉनिकांवर तेव्हा केंद्राचा म्हणावा असा वेगळा अंकुश नव्हता. 'जैव उत्तेजके' या नावाने ती खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली २०२१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे २०१८ साली शेतकऱ्याकडे भरवशासाठी काय होते? दुकानदाराचा शब्द, शेजाऱ्याचा अनुभव आणि माझ्यासारख्याचे लिहिणे. त्यातला एक आधार मी तीन हजारांना विकला होता.

मग पैसे घेऊन लिहूच नये का? तसे मी म्हणणार नाही. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्याने देऊन ठेवले आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी त्याला बिचकत होता. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. १९१० साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून एक नियतकालिक निघू लागले. त्याचे नाव 'किर्लोस्कर खबर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी, हा त्यामागचा उघड हेतू होता. हळूहळू त्यात इतर विषय आले, चांगले लेखक आले, 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतले मान्यवर मासिक झाले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे निघाली. मराठी घरांत नवे विचार नेण्याचे मोठे काम या मासिकांनी केले.

विचार करा, ज्याचा जन्मच कारखान्याच्या प्रचारासाठी झाला, त्या मासिकावर लोकांनी विश्वास कसा ठेवला? कारण मालकाचे नाव मुखपृष्ठावरच होते. नांगर कोणाचा आणि मासिक कोणाचे, हे वाचकाला पहिल्या अक्षरापासून माहीत होते. त्यात त्याची फसवणूक नव्हती. नांगराची तारीफ वाचून ती कितपत मानायची, हे तो स्वतः ठरवत होता.

याच्या उलटे चित्रही आपल्याच राज्यात दिसले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची तोंड भरून स्तुती करणारा मजकूर बातमी म्हणून छापला गेला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत अक्षरशः सारखाच मजकूर आल्याचे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा शब्द त्यानंतर घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली आणि २०१० साली अहवाल तयार झाला. माझा टॉनिकवरचा लेख म्हणजे त्याच रोगाची खेड्यातली छोटी आवृत्ती होती. तिथे बातमीचे सोंग होते, माझ्याकडे अनुभवाचे.

आता नियम आले आहेत. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर देखरेख ठेवण्यासाठी १९८५ साली मुंबईत स्थापन केलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर मालाची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मोबदला घेतला असेल, मग तो पैशाचा असो की फुकट वस्तूचा, तर तसे ठळक लिहिले पाहिजे. २०२२ च्या जूनमध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली. शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक असावे आणि त्याला त्या मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा, असे त्यांत म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फुकट मिळालेल्या वस्तूही कराच्या हिशेबात आल्या. वर्षाला वीस हजारांहून अधिक किमतीचा असा लाभ देताना दहा टक्के कर कापून घेण्याची तरतूद २०२२ च्या जुलैपासून झाली. लिहून कमावू पाहणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे. ही कमाई आहे, तिचा हिशेब ठेवावा लागतो.

पण नियमाची वाट पाहण्याची गरज नसते. काका गेले त्या रात्री मी लेखाच्या डोक्यावर ठळक लिहिले, 'हा मजकूर मी पैसे घेऊन लिहिला होता. हे टॉनिक मी वापरलेले नाही.' दुसऱ्या दिवशी दलालाची ईमेल आली, ही ओळ काढा नाहीतर पैसे परत करा. मी पैसे परत केले. त्याच्या यादीतून माझे नाव गेले.

आजही मी कधीमधी पैसे घेऊन लिहितो. अट एकच ठेवली आहे. सुरुवातीलाच 'जाहिरात' हा शब्द येतो, ज्या अक्षरांत मजकूर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि जे मी वापरले नाही, तिथे 'मी' येत नाही. 'कंपनीचे म्हणणे असे' एवढेच येते. या अटीवर दहांतले आठ जण परत फिरतात. उरलेल्या दोघांकडून वर्षाकाठी दुकानाचे एक-दोन महिन्यांचे भाडे निघते. यावर घर चालत नाही, हेही तरुणांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घर टायपिंग आणि झेरॉक्सवरच चालते.

आणि वाचकांना काय सांगू? एखाद्याचा 'अनुभव' वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, त्यात मालाचा एकही दोष सांगितलेला नाही का? खऱ्या अनुभवात कुरकुर असतेच. दोन, तारीख, जागा, पाऊस, खर्च असा तपशील आहे का? मी पंपाला किती पाणी घातले हे लिहिले नव्हते, कारण घातलेच नव्हते. तीन, लेख शेवटी कुठे नेऊन सोडतो? तो विकत घेण्याच्या बटणापाशी सोडत असेल, तर हातातला फोन खाली ठेवावा आणि कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला किंवा शेजारच्या बांधावरच्या माणसाला विचारावे.

'जाहिरात' या शब्दात चारच अक्षरे आहेत. ती न लिहिण्याचे मला पंधराशे रुपये जास्त मिळणार होते. दलालाला त्या चार अक्षरांची किंमत बरोबर ठाऊक होती. मला ती काकांनी सांगितली.

काका अजूनही झेरॉक्सला येतात. परवा मी त्यांना एका नव्या बियाण्याबद्दल छापून आलेला कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि विचारले, "सर, हे तुमी पेरून बघितलंय का?"

मी म्हणालो, "नाही काका. वाचलंय फक्त."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि दोन रुपये ठेवून गेले.