परदेशी शिकवायला जाताना

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'परदेशातील संधी' ह्या विषयावर चार शब्द बोला, असे कार्यकारिणीने आम्हांला सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकोच म्हणालो. आम्ही बँकेत कारकून, कला शाखेचे पदवीधर. पासपोर्ट काढून ठेवला आहे, पण त्यावर अजून एकही शिक्का नाही. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या घरातली मुलगी गेली आहे ना, तेवढेच सांगा." म्हणून आज उभे आहोत. आम्ही लंडन-अमेरिकेचे सांगणार नाही. कंबोडिया देशाची राजधानी पनॉम पेन, तिथे आमची पुतणी शाळेत इंग्रजी शिकवते, तिची हकिकत सांगणार आहोत. तीत आमची चूकही आहे, तीही सांगणार आहोत.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. महानगरपालिकेच्या शाळेत पाचवीला ए-बी-सी-डी गिरवली आणि दहावीला त्याच इंग्रजीने आमच्यापैकी कितीतरी जणांचे पाय मोडले. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. आमची पुतणी त्यानंतरच्या मुलांतली. तीही मराठी शाळेतच शिकली, पण इंग्रजीची भीती तिच्या वाट्याला जरा कमी आली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि बोपोडीजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर लागली.

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी काउंटरवर गर्दी होती. रांगेत आमचा थोरला भाऊ उभा दिसला. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने रुमालाची गाठ सोडली. आत आईच्या पाटल्या आणि वहिनीचे गंठण. म्हणाला, "सोनेतारण करायचे आहे. पोरीला परदेशात नोकरी लागलीय, दीड लाख भरायचेत."

आम्ही त्याला बाजूला बसवले, चहा दिला आणि कागद मागितले. एका एजंटाच्या कचेरीतून मिळालेले एक पत्र होते. शाळेचे नाव होते, पण पत्ता नव्हता. पगाराचा आकडा होता, पण करार नव्हता. आणि खाली लिहिले होते की, सध्या पर्यटक व्हिसावर जावे, तिथे पोहोचल्यावर व्हिसा बदलून मिळेल. पैसे रोख, पावती नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा कागदाचा वास येतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने आग्नेय आशियातील खोट्या नोकऱ्यांबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती आणि आमच्या तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून संगणकावर लोकांना फसवण्याचे काम करून घेतात, अशा बातम्या येत होत्या. आम्ही भावाला म्हणालो, "दादा, हे सोने परत घरी ने."

इथपर्यंत आम्ही बरोबर होतो. चुकलो ते पुढे. संध्याकाळी घरी जाऊन आम्ही पुतणीला सांगितले की आता परदेशाचे नाव काढायचे नाही. आईला म्हणजे तिच्या आजीला तेच हवे होते. सगळ्यांनी मिळून विषय बंद केला. ती एवढेच म्हणाली, "काका, एजंट खोटा निघाला म्हणून माझी पदवी खोटी होते का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्यानंतर कित्येक महिने ती आमच्याशी कामापुरते बोलत होती.

बंधू-भगिनींनो, फसवणुकीची भीती खरी होती. पण त्या भीतीच्या आड आमची दुसरीच एक समजूत लपलेली होती. आपल्या वस्तीतली, मराठी शाळेत शिकलेली मुलगी परदेशात जाऊन इंग्रजी कशी शिकवणार, हे आम्हांला मनातून पटतच नव्हते. एजंटाच्या कागदाने आम्हांला फक्त निमित्त दिले.

ही समजूत दूर व्हायला आम्हांला जुन्या माणसांकडे जावे लागले. धर्मानंद कोसंबी हे गोव्याच्या खेड्यातले. बुद्धाचा धम्म समजून घ्यायचा म्हणून ते घर सोडून पुण्यात आले, पुढे १९०२ साली सिलोनला गेले आणि नंतर ब्रह्मदेशात. इंग्रजी त्यांना धड येत नव्हती, तीही त्यांनी मागाहून कष्टाने मिळवली. हेच कोसंबी १९१० साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनाच्या कामाला गेले आणि १९१२ पासून इथे आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बसवलेली बुद्धमूर्ती रंगूनहून आलेली आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणजे पुण्याची आणि त्या देशांची वाट जुनी आहे. आपण ती विसरलो होतो एवढेच.

मग आम्ही आणि पुतणी कामाला लागलो. या वेळी उलट्या क्रमाने लागलो. आधी पात्रता, मग शाळा, मग कागद आणि सगळ्यात शेवटी पैसे. तिने नोकरी सांभाळून परक्या भाषेचे लोक असतील तर इंग्रजी कशी शिकवावी, याचा १२० तासांचा अभ्यासक्रम पुरा केला. शाळांना स्वतः अर्ज पाठवले. एका शाळेने तिचा अर्ज वाचून उत्साहाने उत्तर दिले, संगणकावर मुलाखत ठेवली, तिचा चेहरा दिसला आणि पाच मिनिटांत मुलाखत संपली. दुसऱ्या दिवशी कळवले की पालकांना गोरे शिक्षक हवे असतात. त्या रात्री ती जेवली नाही. वर्ण पाहून माणसाची किंमत करणारे लोक आपल्याला नवे नाहीत. ते सातासमुद्रापलीकडेही भेटतात, एवढे त्या रात्री समजले.

तिसऱ्या शाळेने तिला पाठ घेऊन दाखवायला सांगितले. तो पाठ तिने घेतला आणि २०२४ साली ती गेली. कंबोडियाला नोकरीसाठी जायचे तर पर्यटक व्हिसा चालत नाही, त्यावरून पुढे कामाचा व्हिसा होत नाही. 'ई' वर्गाचा व्हिसा घ्यावा लागतो, तो तिथे गेल्यावर शाळेच्या पत्रावर वाढवून मिळतो आणि शिवाय कामाचा परवाना लागतो. आम्ही शाळेकडून आधी करार मागवला, शाळा खरी आहे का याची खात्री केली, तिथल्या भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन वहीत लिहून दिला आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे तिच्या खात्यात वेगळे ठेवले. सोने गहाण पडले नाही.

आता पनॉम पेनबद्दल थोडेसे. तिच्या पहिल्या फोनमध्ये आजीला सांगायची पहिली बातमी कोणती होती, तर रस्त्यावर रिक्षा आपल्या बजाजच्या आहेत. आकुर्डीच्या कंपनीच्या रिक्षा तिथे इतक्या धावतात की लोक रिक्षेलाच 'बजाज' म्हणतात. आजीला तेवढ्याने निम्मा धीर आला. सकाळी भिक्खू भिक्षाटनाला निघतात, लोक दारात उभे राहून दान देतात. त्रिसरण-पंचशील पालीतच, फक्त उच्चाराची धाटणी निराळी. आणि खमेर भाषेत शाळेला म्हणतात 'साला' आणि शिक्षकाला 'क्रू', म्हणजे आपली शाळा आणि आपले गुरू. मुले तिला 'नेआक क्रू' म्हणून हाक मारतात.

तिथे शिक्षकाला हा मान का आहे, हे तिला तुओल स्लेंग पाहिल्यावर कळले. ती मुळात एक माध्यमिक शाळा. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने राजधानी घेतली, सारे शहर रिकामे करून माणसे खेड्यांत हाकलली, शाळा बंद केल्या आणि ह्या शाळेचा तुरुंग केला. वर्गात विटांच्या कोठड्या बांधल्या. १९७९ पर्यंतच्या चार वर्षांहूनही कमी काळात पंधरा ते वीस लाख माणसे मेली. शिकलेल्या माणसांवर विशेष रोख होता, त्यामुळे शिक्षक फारच थोडे उरले. पुढच्या दशकात सरकारी शाळांत परकी भाषा म्हणून व्हिएतनामी आणि रशियन होत्या, इंग्रजी लोक घरात लपून शिकत. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिदल आले, १९९९ मध्ये देश 'आसियान' संघटनेत गेला, त्या संघटनेचा कारभार इंग्रजीतून चालतो, आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांना मागणी आली. ज्यांची शाळाच हिरावून घेतली होती, त्यांची नातवंडे आज आमच्या पुतणीपुढे बसतात. शिक्षणबंदी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको.

आणि शिकवणे कसे चालते? सरकारी शाळा तिथे अर्ध्या दिवसाच्या, आपल्या दोन पाळ्यांच्या शाळांसारख्या. उरलेल्या अर्ध्या दिवसात ज्यांना परवडते ते खासगी शाळेत इंग्रजीला जातात. खमेर भाषेत क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत, अनेकवचनाला शब्द बदलत नाही आणि शब्दाच्या शेवटचा 'स' हा 'ह' सारखा उच्चारतात. त्यामुळे मुले इंग्रजी शब्दाचा शेवटचा 'स' गिळतात आणि काल गेलो, उद्या जाईन, हे दोन्ही एकाच क्रियापदाने सांगतात. पुतणी म्हणते, "काका, ज्याने इंग्रजी जन्मतःच ऐकली त्याला मूल कुठे अडखळते ते पटकन कळत नाही. मला कळते, कारण आपल्याकडेही मी 'इस्कूल' म्हणूनच सुरुवात केली होती." आम्ही जिला उणीव समजत होतो ती तिची शिदोरी ठरली.

सगळे गोड आहे असे नाही. पगार इथल्या दुपटीहून थोडा अधिक आहे, पण गोऱ्या सहकाऱ्यापेक्षा कमी आहे. तिच्या शेजारच्या वर्गावरच्या फिलिपिनो बाईंचीही तीच तक्रार. सुट्टीच्या महिन्याचा पगार करारात स्पष्ट नव्हता, तो बुडाला. तो मुद्दा करार वाचताना आमच्याच नजरेतून सुटला होता. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा चार दिवस घरात कोणाला झोप नव्हती. राजधानी सीमेपासून दूर आहे, हे नकाशा काढून आजीला दाखवावे लागले.

एका सभासद मित्राने आम्हांला विचारले, "आपल्याच वस्तीतल्या पोरांना इंग्रजी येत नाही आणि तुमची मुलगी कंबोडियाच्या पोरांना शिकवते, हे कसे?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही तो तिला विचारला. ती म्हणाली, "इथे मला शिकवायला वेळ देतात, शिकवण्याचे शिक्षण देतात. तिकडे मला चार वर्गांची हजेरी आणि परीक्षेचे पेपर एवढेच मिळायचे." सध्या ती दर रविवारी दीड तास आपल्या अभ्यासिकेतल्या नववीच्या मुलांचा तास मोबाईलवरून घेते. एवढ्याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. ती परत येईल तेव्हा तिला इथे मानाने शिकवता येईल अशी जागा आपण करून ठेवणार का, हा प्रश्न आता आपल्याकडे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, बँकेतला माणूस हिशेबाशिवाय खाली बसत नाही, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंद असावी लागते. ती नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची पावती दिलीच पाहिजे. दीड लाख मागणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. "पर्यटक व्हिसावर चला, पुढचे बघू," असे कोणी म्हणाले तर तिथेच उठा. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी थायलंडमधून परत आणावे लागले. तेही असेच नोकरीच्या आशेने गेले होते आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये अडकले होते. करारात पगार, सुट्टी, घरभाडे आणि नोकरी सोडण्याची मुदत हे चार मुद्दे बोट ठेवून वाचा. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. नोकरीसाठी देश सोडलात की बँकेला कळवून बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्या, नाहीतर पुढे त्रास तुम्हांलाच.

आणि पालकांना आमची हात जोडून विनंती. मुलीने कागद आणला तर तो फाडू नका. तिच्या शेजारी बसून वाचा. कागद खोटा असेल तर तसे सांगा, पण त्याबरोबर तिचे शिक्षण खोटे ठरवू नका. आम्ही ते केले आणि एका हुशार मुलीचे जवळजवळ दीड वर्ष वाया घालवले. तिने आम्हांला क्षमा केली आहे. आईच्या पाटल्या अजून रुमालातच आहेत. गेल्या महिन्यात पुतणीने पाठवलेल्या पैशांतून आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि पट्टी सुटल्यावर आजीने पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे मोबाईलवरचा नातीच्या वर्गाचा फोटो.

 जय भीम.