इंजिन सुधारलं, ब्रेकचं काय?

आज आम्ही गटातल्या बाया मोपेडबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आपल्या घरची निम्मी कामं त्याच गाडीवर होतात. दूध, खताची गोणी, पोरांची शाळा, सगळं तिच्यावरच.

आमच्या गटातल्या एका वहिनींच्या मालकांची गाडी जुनी, टू-स्ट्रोक. या गाडीला वेगळं इंजिन ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. घाईत एकदा नुसतंच पेट्रोल भरलं गेलं. चढाला गाडीने गचका दिला आणि इंजिन आवळलं. पिस्टन सिलिंडरात घासून बसला होता. बोअर करून नवा पिस्टन, रिंगा टाकाव्या लागल्या. तो खर्च दुधाच्या पगारातून गेला, म्हणून वहिनींनीही लक्ष घातलं. आता ऑइल मोजायचं माप त्यांच्याच ताब्यात असतं. ऑइल कमी पडलं तर इंजिन आवळतं. जास्त झालं तर धूर येतो, प्लग काळा ओला होतो, सायलेन्सरमध्ये कार्बन धरतो आणि गाडी ओढत नाही. प्लग विटकरी रंगाचा दिसला की समजावं, बरं चाललंय.

नवं इंजिन झालं आणि मालकांना हुरूप आला. आधी जी गाडी कण्हत जायची ती पळायला लागली. वहिनींची झोप मात्र तेव्हाच उडाली. "अहो, पळते हो, पण थांबते का?" असं त्या विचारायच्या. मालक म्हणायचे, "तुला काय कळतंय गाडीतलं!"

आम्ही सगळ्याजणी एका दुपारी त्यांच्या अंगणात जमलो आणि गाडी बघितली. ब्रेकची मूठ दाबली तर थेट हँडलला टेकत होती. म्हणजे लायनर संपलेले. वायरीचे दोन पदर तुटलेले. मागचा टायर पार गोटा. आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन! एवढं वजन घेऊन उतारावर गाडी लवकर थांबत नाही, हे सांगायला मिस्त्री कशाला लागतो?

पहाटेची गोष्ट तर वेगळीच. या गाड्यांचा दिवा इंजिनावरच चालतो, म्हणून इंजिन मंद झालं की दिवाही मंद. खड्डा आला म्हणून हळू करावं तर पुढचं दिसत नाही. त्यातून उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसला, तर बघायलाच नको.

मालक आधी गुरगुरले. मग गुपचूप तुटलेली वायर हातात घेऊन बसले. लायनर, वायर आणि टायर, तिन्हींचा खर्च मिळून इंजिनाच्या कामापेक्षा कमीच झाला. कॅनच्या मागे लाल चमकपट्टी वहिनींनी स्वतः चिकटवली. आणि आम्हा मागे बसणाऱ्यांनाही एक काम लागलं: पदर खोचायचा, साडीची जाळी काढून टाकायची नाही.

राहिलं हेल्मेट. आय.एस.आय. शिक्का बघून आणलं, पट्टा आवळून दाखवला. तरी ते आठ दिवस गोठ्यातल्या खुंटीलाच. "डेअरी तर इथंच आहे," हे मालकांचं ठरलेलं उत्तर. भांडून काही झालं नाही. मग वहिनींनी दुधाचं कार्ड हेल्मेटच्या आत ठेवायला सुरुवात केली. कार्डाशिवाय डेअरीत दूध कोण लिहून घेणार?

परवा मालक कार्ड काढून हेल्मेट परत खुंटीला लावत होते. वहिनी कॅन घेऊन दारातच उभ्या होत्या. कॅन काही खाली दिले नाहीत.